कौलावरची टिचकी

मे सरत आला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात घरं शाकारायची घाई उडते. यंदा छपरावर चढलेले मामा प्रत्येक कौलाला टिचकी मारून बघत होते. खणखणीत वाजलं की परत जागेवर, बद्द वाजलं की खाली. "हे यंदाचा पाऊस काढत नाही बघा सर," वरूनच निकाल. कौलं झेलता झेलता मला वर्गातला एक प्रश्न आठवत होता. म्यूऑन नावाचा क्षणभर जगणारा सूक्ष्म कण शिकवताना नववीतली एक मुलगी म्हणाली होती, "खरं सर, आपण आता मरायचं, हे त्याला कळतंय कसं?"

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा दांडगा भाऊ. विद्युतभार तेवढाच, वस्तुमान सुमारे २०७ पट. १९३६ साली अँडरसन आणि नेडरमायर यांना तो वैश्विक किरणांत सापडला. नेहमीच्या अणूत याचं काहीच काम नाही, "हा कुणी मागवला?" असं रॅबी या शास्त्रज्ञाने विचारल्याचं सांगतात.

अवकाशातून आलेले प्रोटॉन हवेतल्या अणूंवर आदळतात आणि त्या धुमश्चक्रीतून साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन जन्मतात. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एखादा पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर मिनिटाला नऊएक लाख. हा पाऊस बारमाही, आणि शाकारलेल्या घरातही गळणारा. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर किंचित कमी, कारण तिथे डोक्यावर हवेचा थर जाड.

म्यूऑनचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोनएक. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, मग हे १५ किलोमीटर कसे येतात? वेगात असलेल्याचं घड्याळ आपल्या हिशेबाने मंद चालतं, म्हणून. अशा कणांवर आईन्स्टाईनचा हा सिद्धांत तपासता येईल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहिलं होतं. १९४१ साली रोसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोत, उंचावरच्या एका सरोवराकाठी आणि खाली डेन्व्हरला मोजणी करून ते दाखवलं. पाठ्यपुस्तकं सहसा इथेच थांबतात. मला खरी गंमत पुढे वाटते, त्या 'सरासरी' शब्दात.

एका जागी थांबलेले हजार म्यूऑन घ्या. २.२ मायक्रोसेकंदांनी साधारण ३६८ उरतील. हे उरलेले थकलेले असतात का? मुळीच नाही. पुढच्या तेवढ्याच वेळात त्यांच्यातलेही त्याच प्रमाणात जातात, १३५ उरतात. कितीही वेळ तग धरलेला म्यूऑन नुकत्याच जन्मलेल्या म्यूऑनइतकाच ताजा. विमा एजंटाने त्याला वय विचारण्यात अर्थ नाही. हप्ता सगळ्यांना सारखाच. कौल दर पावसाळ्यात थोडं झिजतं, त्यात तडा वाढत जातो, म्हणून तर टिचकीला आवाज बदलतो. म्यूऑनला झीज नाही, तडा नाही. शेजारीशेजारी असलेल्या दोघांत काडीचाही फरक नसतो, तरी एक आत्ता फुटतो आणि दुसरा मागे राहतो.

तडा असेलच, आपल्याला दिसत नसेल, असं तुम्ही म्हणाल. कणांच्या वागण्यामागे काही दडलेलं असावं, ही शंका मोठमोठ्यांना आली. ती प्रयोगाने तपासायची युक्ती जॉन बेल यांनी १९६४ मध्ये काढली. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांच्या प्रयोगांनी, ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं, प्रत्येक कण आपल्यापुरती छुपी चिठ्ठी खिशात घेऊन फिरतो ही साधी समजूत उडवून लावली. ते प्रयोग प्रकाशकणांच्या जोड्यांवर होते, म्यूऑनवर नव्हेत. पण पुंजभौतिकीचे, म्हणजे सूक्ष्म कणांच्या जगाचे, नियम दोघांना तेच.

त्या मुलीला मी सांगितलं, कळत नाही. कळण्यासारखं आत काही सापडलेलंच नाही. तिचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालेलं नाही.

मामा खाली उतरून चहा पीत होते, तेवढ्या वेळात आमच्या जांभ्याच्या भिंतींत कितीतरी म्यूऑन अडकून फुटले असतील. एकातून एक इलेक्ट्रॉन किंवा त्याचा प्रतिकण निघतो, तो तिथेच रुततो. सोबत न्यूट्रिनो नावाचे, जवळजवळ कशालाच न अडणारे दोन कण निघतात. ते भिंत, तालुका, अख्खी पृथ्वी सहज पार करून जातात. हवेत जन्मलेल्या अशा न्यूट्रिनोंची चाहूल पहिल्यांदा लागली ती १९६५ साली, आणि ज्या मोजक्या ठिकाणी लागली त्यांतलं एक आमच्या कर्नाटकातच होतं: कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल.