आपल्या गोष्टीतला कर्ता कोण?

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिअन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी ॲनिमेशन फिल्म बनवली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक छोटं वर्तुळ एका चौकटीच्या आत-बाहेर फिरतात, एवढंच तिच्यात आहे. काय दिसलं ते लिहा, असं ३४ जणांना सांगितलं, तेव्हा निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिणारी व्यक्ती एकच निघाली. बाकीच्यांना त्या आकृत्या सजीव वाटल्या. मोठा त्रिकोण तर अनेकांना चक्क दांडगट वाटला.

निर्जीव आकृत्यांची गोष्ट रचल्याशिवाय ज्या मेंदूला राहवत नाही, तो स्वतःच्या आयुष्याला कसा सोडेल? आपण जगलेली वर्षं सुटी-सुटी आठवत नाहीत. ‘तेव्हा तसं झालं म्हणून आज मी असा आहे’ या धाग्यात ओवूनच ती आठवतात. मानसशास्त्रात याला ‘कथनात्मक ओळख’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांनी अनेक वर्षं लोकांच्या जीवनकथा ऐकल्या आणि त्यांत दोन घाट पुन्हापुन्हा सापडतात हे दाखवलं. एका घाटात वाईटातून काहीतरी चांगलं निघतं. दुसऱ्यात चांगलं चाललेलं असतं आणि एका प्रसंगाने सगळं नासतं. आपली गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या घाटाने सांगणाऱ्यांमध्ये नैराश्य जास्त आढळतं.

आता कुणीही विचारेल, की आधी नैराश्य येतं आणि मग गोष्ट काळवंडते, की उलट? प्रश्न रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ जोनाथन ॲडलर यांचं २०१२ सालचं संशोधन मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. मानसोपचार घेणारे ४७ जण उपचार सुरू होण्याआधी आणि मग प्रत्येक सत्रामागे आपली गोष्ट लिहीत गेले. अशी जवळजवळ ६०० टिपणं जमली. त्यांच्या लिखाणात ‘माझ्या आयुष्याची सूत्रं माझ्या हातात आहेत’ हा सूर हळूहळू वाढत गेला आणि मानसिक स्वास्थ्यही सुधारलं. पण क्रम महत्त्वाचा होता: आधी गोष्ट बदलली, तब्येत तिच्या मागून आली.

हा सूर नेमका कुठे सापडतो? मराठीत तर तो व्याकरणातच दिसतो. ‘मी नोकरी सोडली.’ ‘मला नोकरी सोडावी लागली.’ ‘नोकरी सुटली.’ घटना कदाचित एकच असेल, पण पहिल्या वाक्यात मी कर्ता आहे, दुसऱ्यात माझ्यावर सक्ती झाली आहे आणि तिसऱ्यात मी कुठे नाहीच. आपल्या कठीण काळाबद्दल पानभर लिहून पाहा आणि ‘मी’ किती वेळा आला, ‘मला’ किती वेळा आला, ते मोजा. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण डोळे उघडतात.

लिहिण्याचाही स्वतंत्र अभ्यास झाला आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्या-लिहिल्या वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले. नंतरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा सरासरी परिणाम लहानच निघाला, हेही सांगायला हवं. फायदा झालेल्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘उमगलं’ अशा अर्थाचे शब्द दिवसागणिक वाढत गेले होते. म्हणजे नुसता कढ बाहेर पडून भागत नाही, प्रसंगांची एकमेकांशी सांगड बसावी लागते.

पण इथेच जपायला हवं. ज्याचं दुःख ताजं आहे त्याला ‘यातून तुला काहीतरी चांगलंच मिळेल’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. काही प्रसंगांतून काहीच चांगलं निघत नाही. शिवाय मेंदू बेमालूम गोष्टी रचतो. मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझॅनिगा यांनी अभ्यासलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे दोन अर्धगोल शस्त्रक्रियेने वेगळे केले होते. उजव्या अर्धगोलाला बर्फाचं दृश्य दाखवल्यावर त्याच्या ताब्यातल्या डाव्या हाताने फावड्याचं चित्र निवडलं. बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाला बर्फ दिसलाच नव्हता, त्याला फक्त कोंबडीचा पाय दिसला होता. फावडं का, असं विचारताच तो न अडखळता म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला! तेव्हा आपली गोष्ट खोटी पडू नये ही जबाबदारी आपलीच.

म्हणून ‘मला काढून टाकलं’ हे वाक्य ‘मी नोकरी सोडली’ असं रंगवायचं कारण नाही. ते तसंच राहू द्यावं. फक्त तिथे पूर्णविराम देऊन वही मिटू नये. मला काढून टाकलं. तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी मी बहिणीला फोन केला.