उष्णतेची परतीची वाट

२०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, मुंबईत दाखल झाला. मुंबईतील आगमनाच्या उपलब्ध नोंदींमध्ये याहून लवकरची तारीख नाही. एरवी ज्या दिवसांत भर दुपारी सोलापूरच्या नवी पेठेत चिटपाखरू फिरकत नाही, तो मे महिन्याचा उत्तरार्ध तेथेही ढगाळ आणि ओला गेला, आणि जो तो विचारू लागला की यंदा उन्हाळाच झाला नाही, मग ते ग्लोबल वॉर्मिंग गेले कुठे? चार महिन्यांनी सीना नदीला महापूर आला, माढा आणि मोहोळ तालुक्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हा तीच माणसे हे सारे ग्लोबल वॉर्मिंगमुळेच झाले, असे म्हणून मोकळी झाली. एखाद्या एप्रिलमध्ये पारा ४३ अंशांवर चढला, की तिसरे ठरलेले वाक्य येते : सोलापूरला ऊन काय नवीन आहे?

या तीन वाक्यांपैकी तिसरे सर्वांत विचार करण्याजोगे आहे, कारण ते खोटे नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात उन्हाळ्यातील दुपारची हवा अतिशय कोरडी असते, जमीन तापण्यास वेळ लागत नाही, आणि मे महिन्यातील कमाल तापमानाची सरासरीच ४० अंशांच्या आसपास असते. दुपारच्या पाऱ्याकडे पाहून तापमानवाढ शोधणाऱ्या सोलापूरकराला फारसे काही नवे हाती लागणार नाही. त्याचे निरीक्षण बरोबर असते, पण तो चुकीच्या जागी पाहत असतो. गेल्या काही दशकांतील तापमानवाढ सूर्य अधिक प्रखर झाल्यामुळे झालेली नाही. १९७८ पासून उपग्रहांच्या साहाय्याने सूर्याच्या तेजाचे मोजमाप सुरू आहे, आणि साधारण अकरा वर्षांच्या चक्रातील सुमारे एक दशांश टक्क्याचा चढउतार सोडला, तर त्यात वाढीचा कल आढळत नाही. बदल झाला आहे तो आलेल्या उष्णतेच्या परतीच्या वाटेवर, आणि ही वाट सूर्य मावळल्यानंतर अधिक स्पष्ट दिसते.

डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असले की पहाटे कडाक्याची थंडी पडते, आणि ढग आले की त्याच दिवसांत थंडी पळते, हे रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ढगाळ हवेत थंडी गेली आणि मावा या किडीचा प्रादुर्भाव वाढला, की ज्वारीच्या पानांवर चिकटा दिसू लागतो, म्हणून तो रात्रीच्या आकाशाकडे दिवसापेक्षा अधिक लक्ष ठेवतो. यामागील कारण असे आहे. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर टाकत असते. दिवसा या खर्चापेक्षा सूर्याकडून होणारी मिळकत मोठी असते, रात्री मात्र केवळ खर्च उरतो. आकाश कोरडे आणि निरभ्र असेल तर यातील बराच भाग थेट अवकाशात निघून जातो. ढग किंवा बाष्प असेल तर ते हे किरण शोषून घेतात आणि स्वतःच्या तापमानानुसार सर्व दिशांना, म्हणजे पुन्हा जमिनीकडेही, अवरक्त किरण पाठवतात. ब्रिटनमधील जॉन टिंडॉल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णतेचे किरण शोषतात हे मोजून दाखवले, आणि उन्हाळ्याच्या एका रात्रीपुरते जरी इंग्लंडवरील बाष्प काढून टाकले तरी गोठणाऱ्या थंडीने वनस्पती मरतील, असे लिहून ठेवले. त्याच्या तीन वर्षे आधी अमेरिकेतील युनिस फूट यांनी कार्बन डायऑक्साइडने भरलेली नळी उन्हात साध्या हवेच्या नळीपेक्षा अधिक तापते, हे नोंदवले होते, परंतु त्यांच्या प्रयोगात अवरक्त किरणांचा परिणाम वेगळा काढलेला नव्हता.

येथे शाळेतील विज्ञानाचा थोडा आधार घ्यावा लागेल. कोरड्या हवेचा सुमारे ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो आणि या दोन्ही वायूंचे रेणू दोन सारख्या अणूंचे असतात. ते कितीही कंप पावले तरी त्यांच्यातील विद्युतभाराची वाटणी एका बाजूला झुकत नाही, म्हणून अवरक्त किरणांशी त्यांचा जवळजवळ संबंध येत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मध्ये कार्बन आणि दोन्ही टोकांना ऑक्सिजन असा सरळ रेषेतील असतो. तो मध्येच वाकतो तेव्हा ही वाटणी झुकते, आणि या वाकण्याची कंप्रता १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांशी जुळते. सोलापूरच्या जमिनीइतक्या तापमानाला असलेली कोणतीही वस्तू सर्वाधिक उत्सर्जन १० मायक्रोमीटरच्या आसपास करते आणि १५ मायक्रोमीटरलाही तिचे उत्सर्जन भरपूर असते. हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये सुमारे ४२४ इतकेच असलेल्या (२०२४ ची सरासरी) या वायूला महत्त्व आहे ते यामुळे.

यावर एक जुना आणि बुद्धिमान आक्षेप आहे, आणि या विषयातील मला सर्वांत आवडणारा भाग त्याच्या उत्तरात आहे. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचा हिशेब मांडला. १९०० साली त्यांचेच देशबांधव क्नुट आँगस्ट्रॉम यांनी म्हटले की हा वायू आताच इतका आहे की १५ मायक्रोमीटरच्या जवळचे किरण खालच्या खालीच शोषले जातात, मग आणखी वायू ओतून काय वेगळे होणार? आजही हा आक्षेप नव्या शोधाच्या थाटात मोबाइलवर फिरत असतो. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. जमिनीवरून निघालेले या तरंगलांबीचे किरण पहिल्या काहीशे मीटरांतच बहुतांशी संपतात. परंतु शोषणारी हवा स्वतःही किरण बाहेर टाकते, ते वरचा थर शोषतो, तो पुन्हा टाकतो, आणि असे थराथरांतून जात जात अखेर अशी उंची येते की तिच्यावरील हवा विरळ असल्यामुळे किरण अवकाशात निसटू शकतात. पृथ्वी थंड होते ती या उंचीवरून. तरंगलांबीनुसार ही उंची बदलते, पण सर्वांची मिळून सरासरी काढली तर ती सुमारे पाच किलोमीटर येते. अवकाशातून पाहिल्यास पृथ्वी उणे १८ अंश तापमानाच्या वस्तूइतकी उष्णता बाहेर टाकताना दिसते, आणि पाच किलोमीटर उंचीवरचे तापमान साधारण तेवढेच असते. दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंशांनी घटते, म्हणजे तेथून खाली उतरताना सुमारे ३३ अंशांची भर पडते आणि आपण १५ अंश या पृथ्वीच्या सरासरी तापमानापर्यंत येऊन पोहोचतो.

आता वायू वाढला तर काय होईल? ज्या उंचीवरून किरण निसटत होते, तिच्यावरील हवा आता तेवढी पारदर्शक राहणार नाही, म्हणून निसटण्याची जागा वर सरकेल. वर थंडी अधिक असते आणि थंड हवा कमी उत्सर्जन करते. मिळकत तेवढीच राहून खर्च घटला, की शिल्लक साठू लागते, आणि नव्या उंचीवरील तापमान पुन्हा उणे १८ अंशांवर येईपर्यंत खालचा सगळा स्तंभ जमिनीसह तापत राहतो. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास ही सरासरी उंची सुमारे १५० मीटरने वाढते. दर किलोमीटरला ६.५ अंश या दराने १५० मीटरचे जवळजवळ एक अंश होतात. खाली शोषण पूर्ण झालेले असणे आणि वर तापमानवाढ चालू राहणे, यांत विरोध नाही, हे आँगस्ट्रॉम यांच्या लक्षात आले नव्हते. सोलापुरी चादरीची उपमा येथे नेहमी दिली जाते आणि ती काही अंशी चालते, कारण चादरही स्वतः उष्णता निर्माण न करता अंगाची उष्णता बाहेर पडण्याचा वेग कमी करते. परंतु चादर हवा अडवते आणि वायू किरण अडवतो, शिवाय निसटण्याच्या उंचीची कल्पना तिच्यातून मिळत नाही.

या सिद्धांतातून एक विचित्र वाटणारे भाकीत निघते. सूर्य तापल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचे सर्व थर तापले असते. कारण कार्बन डायऑक्साइड असेल, तर खालचा थर तापेल आणि त्याच्या वरचा स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर) हा थर थंड होईल. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली हा हिशेब मांडला, आणि पुढे उपग्रहांच्या मोजमापांत नेमके तसेच आढळले. खालच्या स्थितांबरातील थंडाव्यात ओझोन घटल्याचा मोठा वाटा आहे, पण वरच्या स्थितांबरात कार्बन डायऑक्साइडची छाप स्पष्ट आहे. मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे ऊन वाढले, असे शिकले-सवरलेले लोकही सांगतात, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ओझोनची घट हा अतिनील किरणांचा वेगळा प्रश्न आहे.

असाच दुसरा समज म्हणजे जिल्ह्यात औष्णिक वीज प्रकल्प आला, त्याच्या चिमण्यांमुळे गाव तापले. कोळसा जाळताना निघणारी उष्णता प्रकल्पाच्या परिसरापलीकडे नगण्य असते. मात्र त्याच कोळशातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वातावरणात राहील तितक्या काळात, त्या जळण्याच्या उष्णतेपेक्षा लाखपटीहून अधिक उष्णता अडवून ठेवतो. तो सोलापुरावर थांबत नाही, वर्षा-दोन वर्षांत साऱ्या पृथ्वीवर पसरतो. चिमणीला दोष देणाऱ्याचे बोट योग्य वस्तूकडे असते, कारण मात्र चुकीचे असते.

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी, वर सांगितलेली एक अंशाची वाढ तेथेच थांबत नाही. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवणारा वायू असल्यामुळे मूळ वाढ आणखी फुगते. ढग आणि बर्फ यांचेही परिणाम धरून, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास एकूण वाढ सुमारे तीन अंश होईल, असा आज सर्वमान्य अंदाज आहे. याच सात टक्क्यांमुळे कोरडी हवा जमिनीतील ओल अधिक वेगाने ओढून घेते आणि भरलेला ढग अधिक जोराने रिता होतो. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा आंध्र ओलांडून थेट सोलापुरावर आला आणि अतिवृष्टीत पंढरपूरच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला. तो पट्टा तापमानवाढीने निर्माण केला, असे म्हणता येणार नाही. अशा पट्ट्यांच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक पाणी असते, एवढेच म्हणता येते.

पावसाच्या बाबतीत सोलापूरकर दोन टोकांच्या आशा बाळगून असतात. सिद्धेश्वर यात्रेत होमविधीनंतर, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्ये, गूळ, ऊस ठेवून त्याच्या वागण्यावरून पाऊसपाण्याची भाकणूक केली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी म्हणून छापून येते. यात्रेची परंपरा म्हणून तिचा आदर करावा, पेरणीचा निर्णय मात्र त्यावर सोपवू नये, कारण वासराच्या पोटातील भुकेचा आणि आपला पाऊस ज्यावर बराच अवलंबून असतो त्या प्रशांत महासागराच्या तापमानाचा काही संबंध नाही. दुसरे टोक कृत्रिम पावसाचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ साली सोलापूर परिसरातच ढगांमध्ये बीजारोपणाचे प्रयोग केले, आणि वाऱ्याच्या दिशेकडील १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सुमारे १८ टक्के वाढ नोंदवली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो योग्य प्रकारच्या ढगांपुरता आहे. ढगच नसतील तर बीज पेरायचे कुठे, हा प्रश्न दुष्काळ हटवण्याच्या घोषणा करणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

परतीच्या वाटेवर झालेला बदल रात्रीच्या आकड्यांत दिसतो का? भारतीय हवामान विभागाच्या माहितीनुसार २०२४ हे वर्ष देशात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण ठरले. त्या वर्षी कमाल तापमानाची सरासरी नेहमीपेक्षा ०.२० अंशाने अधिक होती, किमान तापमानाची ०.९० अंशाने. दिवसापेक्षा रात्र चौपटीहून जास्त तापली. मात्र एका वर्षावरून नियम ठरवणे योग्य होणार नाही, कारण देशाचा शंभराहून अधिक वर्षांचा कल पाहिला, तर भारतात किमानापेक्षा कमाल तापमानच अधिक वाढलेले दिसते. जगभरातील जमिनीवर १९५० नंतर रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगाने तापल्या आहेत, भारताची वाट त्याहून काहीशी वेगळी आहे. शहरातील रात्री उकडण्यात सिमेंट आणि डांबराचाही हात असतो, कारण दिवसभर साठवलेली उष्णता ते रात्री सोडतात. हे सर्व सिमेंटचेच खेळ आहेत, असे म्हणणाऱ्यांना समुद्राचे तापमान दाखवावे. पृथ्वीवर साठलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रात गेली आहे आणि तेथे सिमेंटचे रस्ते नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याच्या छपराखाली दिवसभर विड्या वळणाऱ्या स्त्रीला दुपारच्या ४३ अंशांची सवय असते. तिचे शरीर त्या ताणातून सावरते ते रात्री, आणि किमान तापमान उतरले नाही तर दुसऱ्या दिवशीचा ताण आदल्या दिवसाच्या ताणावर चढतो. पिकांचेही तसेच आहे, कारण वनस्पती रात्रभर श्वसन करतात आणि रात्र जितकी उष्ण, तितके दिवसा कमावलेले अन्न त्यात अधिक खर्ची पडते. हवामान विभाग ‘उष्ण रात्र’ जाहीर करतो, परंतु त्यासाठी किमान तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते आणि दिवसाचे तापमानही ४० अंश किंवा त्याहून अधिक राहावे लागते. २०२४ चा ऑक्टोबर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता, किमान तापमानाची सरासरी नेहमीपेक्षा १.८ अंशांनी जास्त होती, पण ऑक्टोबरमध्ये सोलापूरचा दिवसाचा पारा चाळिशीला पोहोचत नसल्यामुळे त्या महिन्यातील एकही रात्र या व्याख्येत बसणे शक्य नव्हते.