जलप्रदूषण शिकवणारी व्यंगचित्रे

पाण्याच्या प्रदूषणाची कारणे, परिणाम आणि त्याविषयीचे समज-गैरसमज वर्गात उलगडण्यासाठी व्यंगचित्रे वापरण्याची अध्यापनपद्धती. जुनी व्यंगचित्रे पुरावा म्हणून वाचणे आणि मुलांना वाद घालायला लावणारी नवी चित्रे खास वर्गासाठी काढणे, हे तिचे दोन मुख्य प्रकार. ‘नदी वाचवा’ छापाची भित्तिचित्रे शाळोशाळी दिसतात, पण ती या पद्धतीत धरणे अवघड आहे. त्यांत मुलांनी विचार करावा असे काही उरलेलेच नसते.

पहिल्या प्रकारासाठी एकोणिसाव्या शतकातील लंडनइतके भरघोस साहित्य क्वचितच कुठे सापडेल. विल्यम हीथ यांच्या १८२८ मधील चित्रात एक बाई थेम्सच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकातून पाहते आणि दचकून तिच्या हातातला चहाचा कप सुटतो. थेंबात चित्रविचित्र प्राणी वळवळत असतात. चित्राचे नाव ‘राक्षसी सूप, ऊर्फ थेम्सचे पाणी’. जुलै १८५५ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आगबोटीतून जात असताना त्यांना नदीचे पाणी असह्य वाटले. त्यांनी पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ते चटकन बुडावेत म्हणून ओले केले आणि धक्क्याधक्क्याला पाण्यात टाकले. भर उन्हात, इंचभर खाली जाण्याआधीच ते दिसेनासे झाले. हे त्यांनी ‘टाइम्स’ला पत्राने कळवले. त्याच महिन्यात ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने चित्र छापले : नाक दाबून फॅरडे घाणीने माखलेल्या थेम्सबाबाला, म्हणजे माणसाच्या रूपातल्या नदीला, आपले कार्ड देत आहेत. गढूळ पाण्याच्या बादलीत हा प्रयोग कोणत्याही शाळेत होतो, आणि तो केल्यावरच चित्रातील कोपरखळी नीट कळते.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेलाही हैराण केले. तेव्हाच्या ‘पंच’मधील चित्रात मृत्यू मेलेल्या जनावरांमधून नाव वल्हवताना दिसतो. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा जॉर्ज पिनवेल यांनी ‘फन’ नियतकालिकात सांगाडा काढला तो मात्र सार्वजनिक पंपाशी. तो पंप मारतो आहे आणि गरिबांची पोरे पाणी घेत आहेत. पटकी घाण वासातून नव्हे, तर पाण्यातून पोटात जाते, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८४९ मध्ये मांडलेले आणि लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटमधील १८५४ च्या साथीवरून पुढे नेलेले मत एव्हाना पटू लागले होते. तारखा झाकून ही दोन चित्रे क्रमाने लावायला सांगितली, तर मुलांना हा बदल स्वतः शोधावा लागतो.

दुसरा प्रकार ‘कन्सेप्ट कार्टून’. ब्रेंडा किओ आणि स्टुअर्ट नेलर यांनी तो १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये विज्ञानशिक्षणासाठी विकसित केला. एका रोजच्या प्रसंगाभोवती तीन-चार पात्रे, प्रत्येकाच्या फुग्यात वेगळे मत. बरोबर उत्तर कोणाचे, हे चेहऱ्यांवरून कळता कामा नये. पंचगंगेवर पसरलेली जलपर्णी घेतली, तर फुगे असे भरता येतील : ‘एवढं हिरवंगार आहे, म्हणजे नदी चांगली आहे’, ‘जलपर्णीनंच पाणी खराब केलं’, ‘सांडपाण्यामुळे ती एवढी माजली’, ‘ती घाण शोषून घेते, राहू द्या की’. खरी मजा शेवटच्या फुग्यात आहे. जलपर्णी सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरस शोषते हे खरेच. पण ती तिथेच कुजली की ते पुन्हा पाण्यात येतात आणि कुजताना प्राणवायूही खर्ची पडतो.

मराठी शाळांना अशी चित्रे परकी नाहीत. शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली होती. पाण्याच्या बाबतीत मात्र काळे पाणी ओकणारा कारखाना आणि रडणारा मासा यांपलीकडे चित्रकार फारसे जात नाहीत. त्यातून मुले एवढेच शिकतात, की प्रदूषण काळे असते आणि ते दुसरे कोणीतरी करते. नायट्रेट, आर्सेनिक किंवा काविळीचे विषाणू असलेले पाणी काचेसारखे नितळ असू शकते. म्हणून नितळ पाण्याच्या हापशाच्या चित्रावर वाद झाला, की खऱ्या हापशाचे पाणी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या बाटलीत भरून ठेवता येते. विष्ठेतून येणारे जिवाणू असतील, तर साधारण एक-दोन दिवसांत ते काळे पडते; रासायनिक दूषितीकरण मात्र या बाटलीला कळत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते.