पडवीतला प्रकाश आणि चांदीचे दाणे

आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीत दुपारी तीनच्या सुमारास दारातून ऊन आत सरकते. त्या पडवीचे दोन फोटो माझ्याजवळ आहेत. एक वडिलांनी रोलवर काढलेला, दुसरा गेल्या वर्षी मी डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला. वडिलांच्या फोटोत बाहेरचे अंगण लख्ख उजळले आहे, तरी तुळशीवृंदावनाची कड ओळखू येते. माझ्या फोटोत दाराच्या जागी नुसता पांढरा चौकोन. मी त्याला पिवळसर झाक दिली, वरून फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे पसरले, कोपरे गडद केले. चित्र जुने दिसू लागले, पण रोलवरचे काही दिसेना. शेवटी प्रकाश फिल्मवर पडतो तेव्हा नेमके काय घडते, हे मुळापासून समजून घ्यायला बसलो.

सेन्सरचा, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या चकतीचा, हिशोब सरळ असतो. प्रकाश दुप्पट, तर आकडाही दुप्पट. पागोळीखाली ठेवलेल्या घागरीसारखा प्रत्येक पिक्सेल भरत जातो आणि काठोकाठ भरला की पुढचे सगळे वाया. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, आकडा जास्तीत जास्त १६,३८३ पर्यंत जाऊ शकतो. अंगण आणि आकाश दोन्ही काठाला टेकले, की त्यांच्यातला फरक कायमचा गेला.

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे असंख्य स्फटिक विखुरलेले असतात, लहानमोठे. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. चारेक अणू जमले तरी पुरते. मग डेव्हलपर हे रसायन तो आख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलून टाकतो. तेवढे जमले नाहीत, तर स्फटिक तसाच राहतो आणि पुढे फिक्सर या दुसऱ्या रसायनात विरघळून जातो. मोठे स्फटिक साधारणपणे थोड्या प्रकाशातही बदलतात, लहानांना जास्त लागतो. म्हणजे प्रकाश वाढत जाईल तसे बदलायचे शिल्लक स्फटिक कमी होत जातात आणि निगेटिव्ह (तिच्यात उजळ ते काळे दिसते) काळी होण्याचा वेग मंदावतो. तुळशीवृंदावनाची कड वाचली ती या मंदावण्यामुळे.

फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या इंग्लंडमधल्या रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन मित्रांनी १८९० साली हे मोजून मांडले. आडव्या अक्षावर प्रकाशाचा लॉगॅरिथम, उभ्या अक्षावर निगेटिव्हची घनता, म्हणजे तिचा काळेपणा. आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा येतो: खाली हळूच उचलणारा पाय, मध्ये सरळ चढ, वर सावकाश वळणारा खांदा. आपण आज संगणकावर छटा उजळ-गडद करायला जो कर्व्ह ओढतो, तो याच घराण्यातला. फिल्मचे रूप हवे असेल तर सगळ्यात जास्त वेळ या खांद्यावर घालवावा, असे माझे ठाम मत आहे. रंग नंतर.

पण कर्व्हच्याही आधी एक गोष्ट येते. तीव्र दिव्याचा प्रकाश फिल्मच्या सगळ्या थरांतून आरपार जातो, पाठीमागच्या पृष्ठभागावरून उलटा फिरतो आणि थोडा बाजूला पसरून पुन्हा थरांवर पडतो. रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सगळ्यात खाली असतो, म्हणून हा परतलेला प्रकाश पहिल्यांदा त्यालाच लागतो आणि दिव्याभोवती लालसर वलय उमटते. याला हॅलेशन म्हणतात. ते टाळण्यासाठी सिनेमाच्या अनेक फिल्मना मागून काजळीसारखा काळा लेप दिलेला असे. सिनेस्टिल ८००टी ही सिनेमाच्या फिल्मपासून बनवलेली, पण हा लेप काढून टाकलेली फिल्म, म्हणून तिच्यावर रस्त्यावरच्या दिव्यांना ती लाल कड येते.

संगणकावर हे वलय रॉ फाइलच्या सरळ आकड्यांवरच द्यायला हवे, कर्व्ह लावण्याआधी. कर्व्ह लागल्यावर पेटता दिवा आणि पांढरा सदरा यांचे आकडे जवळजवळ येतात, आणि मग सदऱ्यालाही लाल कड फुटते.

रंगांसाठी बहुतेक प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोला ठरावीक रूप देणाऱ्या तयार जुळण्या, लट (LUT) वापरतात. लट म्हणजे एक मोठा तक्ता: अमुक रंग आत आला, तर तमुक बाहेर द्या. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ३३ पायऱ्या धरल्या तर ३५,९३७ नोंदी होतात. मधले रंग अंदाजाने काढले जातात. रॉथेरपी या मोफत प्रोग्रॅममध्ये अशा तक्त्यांवर चालणारे फिल्म सिम्युलेशन, म्हणजे फिल्मच्या रंगांची नक्कल करण्याची सोय, आहे. १९९० साली आलेल्या व्हेल्विया या फुजीच्या रंगीत फिल्मचा गडद हिरवा असा बऱ्यापैकी उतरतो. मात्र तक्ता एकेका पिक्सेलपुरता विचार करतो, शेजारी काय आहे ते त्याला ठाऊक नसते. वलय आणि दाणे त्याच्या आवाक्याबाहेर आहेत.

दाण्यांचेच घ्या. बहुतेकांचा समज असा की दाणे चित्रावर पडतात, म्हणून ते वरून पसरायचे. कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या कणांखेरीज चित्र म्हणून दुसरे काही नसतेच. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन काढतात आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे इवले ढग उरतात. प्रिंटमध्ये दाणा मधल्या करड्या छटांत जास्त जाणवतो, शुभ्र आणि गडद काळ्यात विरतो. सगळीकडे सारखा पसरलेला दाणा डोळ्याला खोटा वाटतो तो म्हणून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातली पद्धत मला फार आवडते: पिक्सेलच्या उजेडानुसार तिथे कमीअधिक वर्तुळे यदृच्छेने टाकायची आणि त्या वर्तुळांतूनच चित्र नव्याने उभे करायचे. कितीही मोठे करून पाहा, दाणा दाणाच राहतो.

यदृच्छेमुळे दाणा आकुंचित करून साठवणे मात्र अवघड. २०१८ च्या एव्ही१ या व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीत त्यावर तोड आहे. दाणे आधी काढून टाकतात, त्यांचे फक्त गुणधर्म पाठवतात, आणि तुमच्या पडद्यावर ते नव्याने तयार होतात.

आपल्या घरांतल्या जुन्या लग्नाच्या अल्बमांतला तांबूसपणा हा फिल्मचा रंग समजला जातो, ते चूक आहे. त्या काळच्या रंगीत कागदावरचे निळसर द्रव्य अंधारात ठेवूनही उडत जाई, आणि मागे लाल उरे. धुऊन आल्या दिवशी त्या प्रिंट तशा नव्हत्या. सावल्या उचलून धुरकट केलेले प्रीसेटही असेच. चांगल्या प्रिंटमधला काळा रंग खोल असतो.

माझ्या फोटोतले दार वाचवता आले नाही, कारण त्या जागी माहितीच नव्हती. यंदा मे महिन्यात पुन्हा गेलो, एक्सपोजर दोन स्टॉप कमी ठेवले, म्हणजे कॅमेऱ्यात एक चतुर्थांशच प्रकाश घेतला, सावल्या नंतर उचलल्या आणि वरचा खांदा सावकाश वळवला. वृंदावनाची कड आली. भिंतीवरचा दाणा वडिलांच्या फोटोपेक्षा अजून बारीक आहे, तो जुळवतो आहे.