खात्यावरची अ‍ॅप-मर्यादा : पार्श्वभूमी

सोलापुरातल्या दोन-तीन माणसांच्या वेब ऑफिसचं क्लाउड खातं (भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचं ऑनलाइन खातं) उघडलं तर आत सहसा सगळी खिचडी दिसते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा कॅटलॉग, पंढरपूरच्या लॉजचं बुकिंग, नवी पेठेतल्या क्लासचे निकाल आणि इंजिनिअरिंगच्या पोरांचे चार प्रोजेक्ट. मग एखाद्या दिवशी नवं अ‍ॅप तयारच होत नाही, कोटा संपल्याचा संदेश येतो. कार्ड जोडलेलं असतं, पैसे भरायची तयारीही असते, तरी गाडी अडते. कारण ही मर्यादा पैशांची नसून मोजणीची आहे, आणि मोजायचं नेमकं काय, याचं उत्तर २००८ पासून सारखं बदलत आलं आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १९८३ च्या बर्कली युनिक्स या संगणकप्रणालीत डिस्कचा कोटा आला. शेअर्ड होस्टिंगच्या (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) जमान्यात फायलींची संख्या, डोमेनची संख्या आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मोजल्या जायच्या. ‘अनलिमिटेड’ पॅकेज घेतलेल्यांना साधनं संपल्याचा ५०८ एरर दिसला की अनलिमिटेडचा अर्थ कळायचा. त्यातलं एक वळण मात्र रिसेलरांच्या (सर्व्हरवरची जागा घेऊन पुढे विकणाऱ्यांच्या) अजून लक्षात असेल. २०१९ च्या जूनमध्ये होस्टिंग सांभाळायच्या सीपॅनल या सॉफ्टवेअरचा परवाना सर्व्हरमागे न राहता खात्यांच्या संख्येवर गेला आणि १, ५, ३० आणि १०० खात्यांचे टप्पे पडले. एका सर्व्हरवर दीडशे गिऱ्हाइकं बसवणाऱ्यांचं गणित एका रात्रीत बिघडलं.

आजच्या अ‍ॅप-मर्यादेचं मूळ गूगल अ‍ॅप इंजिनात सापडतं. एप्रिल २००८ मध्ये ते, म्हणजे आपला कोड गूगलच्या सर्व्हरवर चालवायची सेवा, पहिल्या १०,००० डेव्हलपरांसाठी उघडलं. प्रत्येक अ‍ॅपला ५०० एमबी जागा आणि रोज १० जीबी बँडविड्थ फुकट होती. हे फुकटचं माप अ‍ॅपमागे होतं, खात्यामागे नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. माप अ‍ॅपमागे असेल तर दहा अ‍ॅप म्हणजे दहापट फुकट. म्हणून खात्यावर अ‍ॅपच्या संख्येची टोपी घालावी लागली. ती बराच काळ १० होती. शिवाय एकाच माणसाने दहा खाती उघडू नयेत म्हणून मोबाइलवर एसएमएस पाठवून पडताळणी होत असे. सुरुवातीला अ‍ॅप डिलीट करायची सोयही नव्हती. चाचणीसाठी उघडलेलं ‘टेस्ट१’ दहापैकी एक जागा अडवून बसायचं. पुढे डिलीट करता येऊ लागलं, पण एकदा वापरलेला अ‍ॅप-आयडी परत मिळत नाही, हा नियम आजही आहे.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये मोजमापच बदललं. सीपीयूचे तास जाऊन इन्स्टन्सचे (कोडच्या चालू प्रतीचे) तास आले. आधी कोड जितका वेळ खरोखर चालला तितकाच धरला जाई. आता प्रोसेस उभी असेल तितका वेळ धरला जाऊ लागला, मग ती डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत का बसलेली असेना. शेवटची रिक्वेस्ट (साइटकडे आलेली मागणी) संपल्यावरची १५ मिनिटंही बिलात येऊ लागली. पायथन २.५ वाल्यांना याचा सगळ्यात जास्त फटका बसला. तिथे एक इन्स्टन्स एका वेळी एकच रिक्वेस्ट घेत असल्याने जरा गर्दी झाली की दुसरा, तिसरा उभा राही. फुकटचा रोजचा कोटा २८ तासांचा झाला. दिवस २४ तासांचा असताना २८ कशाला? एक इन्स्टन्स दिवसभर चालला आणि मधेच दुसरा उठला, तर त्यासाठी वरचे चार. या बदलावर तेव्हा कडाक्याचा वाद झाला. सेवा देणाऱ्यांचं म्हणणं बिनतोड होतं, कारण मेमरी अडवून बसलेली प्रोसेस फुकट पडत नाही. पण ज्यांनी आधीच्या मोजमापावर भरवसा ठेवून कोड लिहिला, त्यांच्यावर तो पुन्हा लिहायची वेळ आली, आणि त्याचा हिशेब कोणी दिला नाही. निष्क्रिय इन्स्टन्सची कमाल संख्या कमी करायची, रिक्वेस्टला रांगेत थोडं थांबवायचं, या आज सवयीच्या झालेल्या खुंट्या लोक पिळायला शिकले ते त्या महिन्यांत.

हेरोकू या अशाच दुसऱ्या सेवेवर हाच खेळ दुसऱ्या अंगाने झाला. दर अ‍ॅपला महिना ७५० डायनो-तास फुकट होते; डायनो म्हणजे कोड चालवणारा एक डबा. ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात, म्हणजे एक डायनो अख्खा महिना निघायचा. दुसरा डायनो, उदाहरणार्थ ईमेल पाठवणारा वर्कर, लावला की पैसे. मग लोकांनी वर्करचंच वेगळं अ‍ॅप केलं, आणि एका साइटची दोन-तीन अ‍ॅप झाली. यंत्रमागाच्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असे दोन गट आहेत. रेष कुठे आहे हे बघूनच माणूस मोटारी मोजतो, इथेही तेच झालं. २०१५ मध्ये फुकट डायनोला दिवसातून सहा तास झोप सक्तीची झाली. पुढच्या वर्षी तास अ‍ॅपमागे न राहता खात्याच्या एकाच हौदात गेले: ५५०, आणि कार्ड पडताळलं की आणखी ४५०. २८ नोव्हेंबर २०२२ ला फुकट डायनो बंदच झाले. त्यांच्या जागी आलेल्या ५ डॉलरच्या इको योजनेतही १,००० तासांचा हौद सगळ्या अ‍ॅपमध्ये मिळून आहे. ७४४ ने भागलं तर चोवीस तास जागं राहणारं अ‍ॅप त्यात धड दीडही बसत नाही.

मीटर अ‍ॅपवरून खात्यावर गेला, तरी अ‍ॅपच्या संख्येची टोपी तशीच राहिली. पडताळणी नसलेल्या खात्याला तेव्हा ५, पडताळलेल्याला १००. ज्या कारणासाठी ती घातली ते कारण गेलं आणि टोपी उरली, असं म्हणायला जागा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा केला आहे तो ‘सॉफ्ट लिमिट’ या शब्दाने. युनिक्सच्या कोट्यात सॉफ्ट म्हणजे ओलांडता येणारी मर्यादा. ती ओलांडल्यावर इशारा मिळतो, साधारण सात दिवसांची मुदत मिळते, त्यानंतर लिहिणं बंद. हार्ड म्हणजे क्षणभरही ओलांडता न येणारी. क्लाउडवाल्यांनी हेच शब्द उचलले आणि अर्थ फिरवला. तिथे सॉफ्ट म्हणजे अर्ज केला तर वाढू शकणारी, आणि हार्ड म्हणजे अर्ज करूनही न वाढणारी. वाढेपर्यंत मात्र सॉफ्टही भिंतच. कॉलेजात लिनक्स शिकून आलेला मुलगा ‘सॉफ्ट आहे, थोडं वर गेलं तर चालेल’ असं धरून चालतो, आणि ऐन डिप्लॉयमेंटमध्ये (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना) तोंडावर आपटतो. सोलापूरच्या कारखानदाराला हे विजेच्या भाषेत पटकन कळेल: कोटा म्हणजे मंजूर भार, बिल म्हणजे जळालेले युनिट. फरक इतकाच की मंजूर भाराच्या वर गेलं तर महावितरण दंड लावते, क्लाउडमध्ये मोटार चालूच होत नाही. आता बहुतेकांनी ‘लिमिट’ टाकून ‘कोटा’ म्हणायला सुरुवात केली आहे, आणि सॉफ्ट-हार्डऐवजी कोटा ‘वाढवता येणारा’ की ‘न येणारा’ एवढंच लिहितात. बदल चांगला आहे, फक्त जुन्या लेखांमध्ये जुनेच शब्द आहेत आणि पोरं वाचतात तेच. त्यातच ४२९ चा एरर आला की तोही ‘लिमिट’ म्हणूनच सांगितला जातो. तो रिक्वेस्टच्या वेगाचा, त्याचा अ‍ॅपच्या संख्येशी काही संबंध नाही.

अ‍ॅमेझॉनच्या ईसीटूवर (भाड्याच्या मशीनची सेवा) वर्षानुवर्षं इन्स्टन्सची, म्हणजे मशीनची, नगसंख्या मोजत आणि २० हा आकडा सगळ्यांना पाठ होता. सगळ्यात लहान मशीन आणि सगळ्यात मोठं मशीन, दोन्ही एकेक नग. २०१९ च्या ऑक्टोबरपासून व्हीसीपीयू (मशीनला मिळणारे आभासी प्रोसेसर) मोजायला सुरुवात झाली. ते न्याय्य आहे, पण नव्या खात्याला साध्या गटात बहुधा ५ व्हीसीपीयू मिळतात. टी३ मायक्रो हे मशीन दिसायला चिमुकलं असलं तरी त्याला २ व्हीसीपीयू लागतात. दोन चालू केली की ४ झाले, आणि तिसऱ्याला ‘व्हीसीपीयू लिमिट एक्सीडेड’. टी२ मायक्रोला १ च लागतो, म्हणून तशी पाच बसतात. बंद ठेवलेलं मशीन या मोजणीत येत नाही. त्याच्या डिस्कचं भाडं मात्र चालू राहतं, आणि त्याला बांधलेला इलास्टिक आयपी (आपल्या नावावर राखून ठेवलेला इंटरनेट पत्ता) पाचाच्या कोट्यातला एक अडवून धरतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या इंटरनेट) पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर पडतात.

हे आकडे रीजनमागे (मशीनं जिथे ठेवली आहेत त्या भागामागे) असतात, आणि बरेच अर्ज इथेच वाया जातात. मुंबई रीजन २०१६ पासून आहे आणि आपल्या गिऱ्हाइकांची मशीनं तिथेच असतात. पण कन्सोल (खात्याचं नियंत्रण-पान) नॉर्थ व्हर्जिनियावर उघडलेला असला की कोटा तिकडचा वाढतो, आणि मुंबईत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून आधी वर उजवीकडे रीजन बदलायचं, मग सर्व्हिस कोटाज उघडायचं, मग आकडा भरायचा. आकडा भरताना आज काय चालू आहे ते न बघता अपडेटच्या वेळी किती लागेल ते बघायचं. जुनं चालू ठेवून शेजारी नवं उभं करायची पद्धत असेल तर त्या दहा मिनिटांत दुप्पट मशीनं लागतात. काठोकाठ भरलेल्या कोट्यावर साइट महिनोन्‌महिने नीट चालते आणि अपडेटलाच अडते, ती यामुळे.

अ‍ॅमेझॉनच्याच इलास्टिक बीनस्टॉकमध्ये (कोड दिला की मशीन जोडून साइट चालवणारी सेवा) आणखी एक गंमत आहे. अ‍ॅप्लिकेशनचा कोटा ७५, आणि तो भरल्याचं क्वचितच दिसतं. भरतो तो आवृत्त्यांचा कोटा, एका रीजनमध्ये १,०००. प्रत्येक डिप्लॉय एक नवी आवृत्ती मागे ठेवतो. दिवसाला चार डिप्लॉय केले तर वर्ष संपायच्या आत हजार भरतात. एरर ‘टू मेनी अ‍ॅप्लिकेशन व्हर्जन्स’ असा असतो आणि घाईत लोक त्यातला ‘अ‍ॅप्लिकेशन’ एवढाच शब्द वाचतात. लाइफसायकल धोरणात (जुन्या आवृत्त्या आपोआप काढायच्या नियमात) शेवटच्या ५० आवृत्त्या ठेवायला सांगितलं की काम झालं. गूगलकडे अ‍ॅपची मर्यादा आता प्रोजेक्टच्या मर्यादेत विरघळली आहे, कारण एका प्रोजेक्टमध्ये अ‍ॅप इंजिनचं एकच अ‍ॅप बसतं आणि त्याचं रीजन नंतर बदलता येत नाही. डिलीट केलेला प्रोजेक्ट ३० दिवस लटकत राहतो आणि तोवर कोट्यात धरला जाऊ शकतो. आज जागा करून आज नवं उघडायचं म्हटलं तर जमेलच असं नाही.

खर्चावरची मर्यादा ही आणखी वेगळी गोष्ट. अ‍ॅप इंजिनमध्ये रोजच्या खर्चाला खरी कुलूपबंद मर्यादा घालता येत असे. रक्कम संपली की अ‍ॅप बंद. २०२० मध्ये ती सोय काढली गेली आणि बजेट अलर्ट उरला. अलर्ट ईमेल पाठवतो, थांबवत काही नाही. छोट्या ऑफिसच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वात वाईट निर्णय. मोजणीच्या मर्यादा सगळ्या ठेवल्या आणि घातलेली हवी होती नेमकी तीच काढली.

कोटा वाढवून मिळताना बिलाचा पूर्वइतिहास बघितला जातो, आणि इथे आपल्याकडची वेगळी अडचण येते. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचे नियम बदलले. ५,००० रुपयांच्या वर दर वेळी ओटीपी लागू लागला, जून २०२२ मध्ये ती रेष १५,००० वर गेली. परदेशी बिलं त्या काळात धडाधड परत गेली. पैसे खिशात असूनही खात्यावर ‘पेमेंट फेल’चे डाग पडले. शिवाय वीस गिऱ्हाइकांचं बिल एका खात्यातून जात असेल तर एक कार्ड अडलं की वीसही अडतात. टॉवेलवाल्याचं खातं टॉवेलवाल्याच्या नावाने आणि त्याच्याच कार्डावर उघडून, आपण फक्त अधिकार घेऊन काम करणं हा सरळ मार्ग आहे. एकाच माणसाने टोपी चुकवायला चार खाती उघडणं बहुतेकांच्या अटींत बसत नाही. दोन्हींत फरक आहे.

वाढीचा अर्ज कधी काही मिनिटांत मंजूर होतो, कधी काही दिवस लागतात, कधी कारण विचारलं जातं. पंढरपूरच्या लॉजचं बुकिंग सांभाळणाऱ्यांनी आषाढीच्या निदान तीन आठवडे आधी तो टाकावा, आणि कारणाच्या रकान्यात सध्याचा वापर, अपेक्षित वापर आणि तारखा आकड्यांत लिहाव्यात. ‘ट्रॅफिक वाढणार आहे’ एवढ्यावर भागत नाही.

आकडे हलतात, पण आपल्या सोयीने नाही. अ‍ॅमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेतल्या बकेटचा (फायलींच्या डब्यांचा) १०० चा मूळ कोटा २००६ पासून होता, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये एकदम १०,००० झाला. इलास्टिक आयपी अजून पाचच आहेत, कारण वाटायला आयपीव्ही४ चे नवे पत्तेच जगात फारसे उरलेले नाहीत.