शेवटचा खंड आणि खवट दाणा

मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतला शेवटचा खवट निघाला, की आधीच्या चाळीस चांगल्या दाण्यांची चव तोंडात उरत नाही. लांबलचक फँटसी मालिकेचं शेवटचं पुस्तक फसलं की वाचक "आधीची सगळी वर्षं वाया गेली" म्हणतात, तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीने असाच निकाल दिलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३२ जणांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या फेरीत तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०. या जादा वेळात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं, म्हणजे तेही गारच. तिसऱ्यांदा यातली कोणती फेरी चालेल, असं विचारल्यावर २२ जणांनी लांबलेली फेरी निवडली. एकूण किती वेळ सोसलं, याला स्मृतीच्या लेखी फारशी किंमत नसते. सर्वांत तीव्र क्षण कोणता आणि शेवट कसा झाला, यावरच तिचं मत ठरतं. दीड मिनिटाच्या प्रयोगावरून ४,००० पानांच्या वाचनाबद्दल बोलताना हात आखडता घ्यायला हवा, पण खवट दाण्याचं कोडं त्यातून बरंचसं उलगडतं.

आता एक खरी मालिका घेऊ: स्टीफन किंग यांची ‘द डार्क टॉवर’. सात मुख्य खंड, पहिला १९८२ चा, सातवा सप्टेंबर २००४ चा. पुढे तिचा शेवट उघड केला आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावं. (सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये १२ लघुकथा वापरून केलेल्या प्रयोगांत, शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा किंचित जास्तच आवडल्या होत्या. पण लघुकथा अर्ध्या तासात संपते, बावीस वर्षं वाट पाहायला लावत नाही.)

तिसरा खंड १९९१ मध्ये आला आणि ऐन मोक्याला संपला. वेड लागलेली, विचार करू शकणारी एक आगगाडी प्रवाशांना घेऊन मृत्यूकडे निघाली आहे. तिला न सुटणारं कोडं घातलं तरच प्राण वाचणार, आणि इथे पुस्तक बंद. चौथा खंड यायला १९९७ उजाडलं. अर्धवट राहिलेलं काम मन सोडत नाही, हे बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्हसियान्किना यांनी १९२० च्या दशकात अभ्यासलं. अशी कामं जास्त लक्षात राहतात, हा झायगार्निक यांचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत डळमळीत ठरला. मात्र मोकळीक मिळताच माणूस ते काम पुन्हा हाती घेतो, ही ओव्हसियान्किना यांची नोंद भक्कम राहिली. वाचकाच्या हाती पुढचं पुस्तक नसतं, म्हणून तो ते मनातच लिहू लागतो. सहा वर्षांत प्रत्येकाचा स्वतःचा शेवट तयार होतो, आणि छापील शेवटाला या सगळ्यांशी सामना करावा लागतो.

त्यात कथानकाच्या धाग्यांचा हिशेब आड येतो. समजा, लेखकाने पहिल्या सहा खंडांत दर खेपेला पाच नवे धागे सोडले आणि दोनच पूर्ण केले. सातव्यासाठी १८ उरले. पुस्तक ८०० पानांचं असेल तर एकेका धाग्याला जेमतेम ४४ पानं, आणि त्यातच युद्ध, मृत्यू, निरोप. मधल्या खंडांना उत्तर पुढे ढकलण्याची सोय असते. ती शेवटच्याला नाही.

मेंदूच्या बाजूनेही एक धागा आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची (बक्षिसाची चाहूल ओळखणाऱ्या पेशींची) नोंद घेतली. फळाचा रस अचानक मिळाला की या पेशी जोरात चेततात. रसाआधी दरवेळी खूण दिली, तर काही दिवसांनी त्या खुणेलाच चेततात आणि रस मिळताना शांत राहतात. खूण देऊन रस दिलाच नाही, तर तो मिळायच्या नेमक्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. माकड आणि रस यांच्यावरून वाचकाबद्दल ठाम विधान करता येणार नाही. तरी मालिकेतली प्रत्येक भविष्यवाणी अशी खूण असते, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आनंदाचा मोठा वाटा आगाऊ घेऊन झालेला असतो.

इथे दोन वेगळ्या दुखण्यांची गल्लत होते. ‘डार्क टॉवर’च्या शेवटात दोन्ही आहेत. सर्वांत मोठा खलनायक, लाल राजा, कसा संपतो? एक मुका मुलगा त्याचं चित्र काढतो आणि खोडरबराने पुसतो. उरतात फक्त डोळे. हा मुलगा किंग यांच्या १९९४ च्या दुसऱ्या एका कादंबरीत लहानपणी येऊन गेला होता, पण या मालिकेत तो शेवटच्या खंडाच्या उत्तरार्धात येतो. कुलूप आधीच्या खंडांत दाखवलं आणि किल्ली बाहेरून आणली. हा बांधणीतला दोष आहे, आणि वाचकांची तक्रार रास्त आहे.

दुसरं दुखणं निराळं. नायक रोलंड, मालिकाभर ज्याच्या शोधात असतो त्या मनोऱ्याच्या माथ्यावरचं दार उघडतो आणि थेट पहिल्या पुस्तकाच्या वाळवंटात परततो, मागचं सगळं विसरून. फरक एवढाच की पूर्वी रणांगणावर मागे राहिलेलं शिंग या वेळी त्याच्याजवळ आहे. त्याआधी किंग स्वतः मध्ये येऊन वाचकाला सांगतात की इथवर समाधान असेल तर पुढे वाचू नका. अनेकजण या शेवटावर चिडले. पण स्वतःच्या ध्यासापायी माणसं गमावत जाणाऱ्या रोलंडला हेच फळ शोभतं. हा शेवट नकोसा आहे, उपरा मात्र नाही.

आपलं दुखणं कोणतं, हे तपासता येतं. शेवटचा खंड उघडण्याआधी आदल्या खंडाची शेवटची दोन प्रकरणं पुन्हा वाचावीत आणि उत्तर हवंच असे प्रश्न कागदावर लिहावेत. दहाच्या वर नकोत. वाचून झाल्यावर काय खुपलं ते एका वाक्यात लिहावं. मग खुपलेली गोष्ट ज्या माणसामुळे किंवा वस्तूमुळे घडली, ती पहिल्यांदा कुठे आली ते मागे जाऊन शोधावं. शेवटच्या खंडाआधी मागमूसच नसेल तर दोष लेखकाचा. दोन-तीन ठिकाणी बीज सापडलं, तर मनात रचलेला शेवट आणि छापलेला शेवट जुळले नाहीत, एवढंच. पंधरा दिवसांनी शेवटची पन्नास पानं पुन्हा वाचावीत. पहिल्या खेपेला "पुढे काय" या घाईत डोळा वाक्यांवरून घसरत जातो.

रोलंडच्या फेऱ्याचं बीज शोधायचं तर पहिल्या खंडाची आवृत्ती पाहून घ्यावी. किंग यांनी तो २००३ मध्ये सुधारून पुन्हा छापला, आणि सुरुवातीलाच वाळवंटात रोलंडला क्षणभर भोवळ येते, सगळं जग विरळ वाटतं, ती ओळ तेव्हाची आहे. १९८२ च्या छपाईत ती सापडणार नाही.