‘यूएलपी’ कायदा आला कुठून?

केंद्राच्या श्रमसंहिता आल्या, आता राज्याचे जुने कामगार कायदे बाजूला ठेवायला हरकत नाही, असं काही मालक गृहीत धरतात. महाराष्ट्रात कारखाना चालवणाऱ्याने आणि त्याच्या वकिलाने तरी तसं करू नये. कामगार न्यायालयात ज्याला नुसतं ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिसेस) म्हणतात, तो महाराष्ट्राचा १९७१चा कायदा, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा अधिनियम, मुंबईतल्या जुन्या भांडणांतून घडला आहे. ती भांडणं माहीत नसली की त्याची कलमं अर्धीच कळतात.

मूळ वाद होता कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी, हा. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३८ साली मुंबई औद्योगिक विवाद कायदा आणला. संपाआधी समेटाची लांब वाट सक्तीची झाली, आणि ती न चालता केलेला संप बेकायदा ठरू लागला. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणं, असा डॉ. आंबेडकरांचा विधिमंडळातला युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कायदा मात्र राहिला.

त्याची जागा १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, म्हणजे ‘बीआयआर’ने घेतली. एका क्षेत्रात एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि करार करायचा तो तिच्याशीच. मुंबईच्या गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेलं. कामगारांचं मन दुसऱ्या नेत्याकडे असलं तरी कागदावर बोलणारी युनियन तीच. १९८२च्या गिरणी संपात कामगार नेते दत्ता सामंतांनी बीआयआर रद्द करण्याची मागणी पुढे केली, तिच्यामागे हीच घुसमट होती.

गिरण्यांबाहेर उलटीच अडचण होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पिंपरी-चिंचवडला इंजिनिअरिंग, औषधं, रसायनांचे कारखाने उभे राहिले. तिथे युनियनला मान्यता द्यायला मालकाला भाग पाडणारा कायदाच नव्हता. १९२६चा केंद्राचा ट्रेड युनियन कायदा फक्त नोंदणी करून देत असे. १९४७ साली त्यात मान्यतेची आणि अनुचित प्रथांची कलमं घालणारी दुरुस्ती संमत झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. मालक आणि युनियन यांनी मान्य केलेली १९५८ची शिस्तसंहिता होती ऐच्छिक. पाळली तर पाळली. १९४७ची दुरुस्ती अमलात न येणं ही देशाच्या कामगार इतिहासातली मोठी चुकलेली संधी आहे असं मला वाटतं. ती पोकळी महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्याने भरून काढली.

राष्ट्रपतींची संमती मिळालेला हा कायदा १९७५ साली लागू झाला. ५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेली युनियन औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवू शकते. त्यासाठी मालकाची मर्जी लागत नाही. दुसरा भाग अनुचित प्रथांच्या अनुसूचींचा, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांचा. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी यादी यायला १९८४ उजाडलं.

या कायद्याची खरी ताकद त्याच्या वाटेत आहे. केंद्रीय कायद्याखाली वाद न्यायालयात जायचा तर बहुतेक वेळा सरकारने तो सोपवावा लागे. इथे कामगार ९० दिवसांत स्वतः तक्रार दाखल करतो आणि कलम ३० खाली अंतरिम आदेशही मागतो. आदेश मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध अशोक विष्णू काटे या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर बडतर्फीचा आदेश निघण्याआधीही तक्रार चालते असं सांगितलं. खोटं आरोपपत्र देऊन चौकशी लावली तर ती तिथेच अडवली जाऊ शकते.

अनुसूची चारमधली सहावी बाब मालकाने नीट वाचावी. कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी), कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, म्हणून ‘२४० दिवस भरायच्या आत ब्रेक द्या’ हा सल्ला आजही दिला जातो. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वती योजनेसह वन विभागाच्या कामगारांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच-सहा वर्षं तात्पुरतं ठेवणं यातूनच हेतू दिसतो. तिथे मालक खुद्द राज्य सरकार होतं. तात्पुरत्या सरकारी कामगारांना कायम होण्याचा हक्क नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या उमादेवी निकालानंतर सरकारी मालकांना सुटल्यासारखं वाटलं होतं. एसटीच्या २००९च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगार आणि औद्योगिक न्यायालयांचे या कायद्याखालचे अधिकार शाबूत असल्याचं स्पष्ट केलं.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत मात्र दार बरंचसं बंद झालं. सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या निकालाप्रमाणे मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करावं लागतं, मगच इथे तक्रार चालते. कारखान्यांत कंत्राटी भरती वाढण्याशी याचा जवळचा संबंध आहे, असं माझं मत आहे.

२०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने नाव घेऊन रद्द केलेले कायदे तीन आहेत: ट्रेड युनियन, स्थायी आदेश (कारखान्यातल्या सेवाशर्तींचे नियम) आणि औद्योगिक विवाद. महाराष्ट्राचा कायदा त्या यादीत नाही. संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर एकमेव वाटाघाटी युनियन ठरायला ५१ टक्के सभासद लागतात, राज्याच्या कायद्यात ३०. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा असल्याने हा मेळ संविधानाच्या २५४व्या अनुच्छेदाखाली (दोन्ही कायदे विसंगत असतील तर कोणता टिकतो हे तो सांगतो) कलमागणिक तपासावा लागेल.